आडवं झाल्यावर कसं वाटतं?

माझ्या भाचीच्या लग्नात मी आमच्या डॉक्टर मॅडमची ओळख नवऱ्या मुलाच्या वडिलांशी करून दिली. नमस्कार झाले, उकाडा फार आहे यावर दोघांचं एकमत झालं, आणि लगेच मॅडमनी विचारलं, "तुम्ही रात्री उताणे झोपता की कुशीवर?"

व्याही द्राक्षबागायतदार, बोलायला मोकळे, पण या प्रश्नाची तयारी त्यांनी केलेली नव्हती. फेटा सावरत ते म्हणाले, कुशीवर. उताणं झोपलं की गुदमरल्यासारखं होतं. अक्षता वाटायला सुरुवात झाली तेव्हा व्याही कुठे दिसेनात म्हणून मी शोधायला गेले. मांडवाच्या मागे, पाण्याच्या जारांजवळ ते खुर्चीवर बसले होते. एका पायातला मोजा उतरवलेला, आणि मॅडम खाली वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून सुजेचा खड्डा पडतो का ते बघत होत्या. खड्डा पडला नाही. "नाक दाखवून घ्या, हाड वाकडं असेल," एवढं सांगून त्या मंगलाष्टकांना येऊन उभ्या राहिल्या. आमच्या नातेवाइकांत त्या आजही 'मोजे काढणाऱ्या डॉक्टर' म्हणूनच ओळखल्या जातात.

मी त्यांच्याकडे काही वर्षं काम केलं. नाशिकला मुंबई नाक्याजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत हृदयाची सोनोग्राफी करायचं मशीन, ज्याला सगळे नुसतं 'इको' म्हणतात, आणि दुसरीत मी, दोन फोन आणि माझे तक्ते. कुणाला कधी बोलवायचं, कुणाचा फोन लागत नाही, कुणाचं बाळंतपण कधी अपेक्षित आहे, हे सगळं भिंतीवर रंगीत पिनांनी लावलेलं असायचं. मॅडमना ते तक्ते फार आवडायचे. त्या वाचायच्या मात्र नाहीत.

त्यांचं संशोधन एका वाक्यात सांगता येतं. गरोदरपणात जिचा रक्तदाब वाढतो, चेहरा-पाय सुजतात, त्या बाईच्या हृदयाचं बाळंतपणानंतर काय होतं? बहुतेकांना वाटतं, मूल झालं की संकट टळलं. मॅडमना शंका होती की काही जणींचं हृदय त्या ओझ्याने थकतं आणि नंतरही थकलेलंच राहतं. "बाळ बाहेर आलं की खोलीतल्या सगळ्या माना तिकडे वळतात," त्या म्हणायच्या. "मी उरलेल्या बाईकडे बघते."

हृदयाला पंप म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. पंगत म्हणा, असं त्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगायच्या. मागून भांडी येतायत, पुढे वाढत न्यायची आहेत. वाढपी दमला की भांडी मागे साचतात. हृदय दमलं की तसंच पाणी मागे फुप्फुसात साचतं. आणि माणूस आडवं झालं की पायांकडचं रक्तही एकदम हृदयाकडे येतं, म्हणजे भांडी आणखी वाढली. म्हणून अशा बाईला चालताना लागतो त्याहून जास्त दम झोपताना लागतो. हे ऐकल्यावर सासवासुद्धा मान डोलवायच्या, कारण पंगत कुठे अडते ते त्यांना कुठल्याही डॉक्टरपेक्षा चांगलं माहीत.

दुपारी जेवण झालं की मॅडम ऑफिसच्या फरशीवर सरळ उताण्या पडायच्या. उशी नाही, सतरंजी नाही. डोळे उघडे, एक हात छातीवर. विचार करायची त्यांची ती पद्धत होती. नवीन कुरिअरवाला एकदा दार ढकलून आत आला आणि पाकीट टाकून तसाच "अहो, बाई पडल्या!" म्हणत जिन्यात पळाला. खालच्या मेडिकलवाल्यापर्यंत बातमी गेली. मॅडम पडल्या पडल्याच मला म्हणाल्या, "त्याला सांगा, सही करायला उठते." मी दारावर पाटी लावली: 'डॉक्टर आराम करत आहेत.' त्यांनी ती बदलायला लावली. त्या आराम करत नव्हत्या.

'नॉर्मल' या शब्दाशी त्यांचं वाकडं होतं. कुणी रिपोर्ट देताना सगळं नॉर्मल आहे म्हणालं की त्या विचारायच्या, "कुणासारखं?" एका तरुण डॉक्टरने यावर हसून सोडून द्यायचा प्रयत्न केला. त्याला उत्तर देऊन मगच चहा मिळाला.

आमची खरी अडचण होती ती सव्वा महिन्याची. बाळंतपण नाशिकला व्हायचं, आणि मग बाई बाळाला घेऊन माहेरी जायची ती सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडायची नाही. मॅडमना बघायचं होतं नेमकं त्याच दिवसांतलं हृदय. मशीन घेऊन घरी जावं तर तेही शक्य नव्हतं. गर्भाचं लिंग कुणी चोरून तपासू नये म्हणून असली यंत्रं नोंदवलेल्या जागेतून हलवायला बंदी आहे. मॅडमना तो नियम योग्य वाटायचा आणि त्याचा रागही यायचा, एकाच वेळी.

तेव्हा उरला फोन. मी प्रत्येकीचे दोन पत्ते घ्यायला सुरुवात केली, सासरचा आणि माहेरचा, आणि माहेरी फोन करून ठरलेले प्रश्न विचारायचे. प्रश्न जगभर वापरतात तेच होते, मॅडमनी मराठीत आणलेले. त्यात मुख्य प्रश्न एक: झोपताना किती उशा घेता? ज्याचं हृदय दमलेलं असतं त्याला सपाट झोपवत नाही. तो एकावर दोन, दोनावर तीन अशा उशा वाढवत जातो. उशा मोजल्या की हृदयाचा अंदाज येतो. दोन किंवा जास्त उशा म्हणणारीला सव्वा महिन्याची वाट न बघता बोलवायचं, आणि शून्य किंवा एक म्हणणारीला सवडीने.

वर्षभरात एक सुंदर चित्र तयार झालं. देवळाली कॅम्पात राहणाऱ्या जवानांच्या बायका, शहरातल्या नोकरदार मुली, यांच्यात दोन उशा, तीन उशा म्हणणाऱ्या बऱ्याच होत्या. कॅम्पातली एक मला म्हणाली होती, "दो तकिए, और कभी कभी इनका भी." पण सिन्नर, विंचूर या बाजूच्या खेड्यांत माहेर असलेल्या सगळ्याच म्हणाल्या, उशी नाही घेत. म्हणजे गावाकडच्या बायकांची हृदयं रक्तदाबातूनही धडधाकट राहतात.

मॅडम हरखून गेल्या. का बरं असेल, याच्या त्यांनी कल्पना लढवायला घेतल्या. शेतातली मेहनत, बाजरी, विहिरीचं पाणी. स्वतः डब्यात बाजरीची भाकरी आणायला लागल्या आणि मलाही अर्धी खायला लावू लागल्या. मुंबईच्या परिषदेत हे मांडायचं ठरलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नाशिकच्या दोन खोल्यांमधलं काम ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ होती. मी तिकिटं काढली.

आणि एका दुपारी फरशीवर पडल्या पडल्या त्यांनी मला विचारलं, "अहो, खेड्यांतली एकही बाई एक उशी म्हणत नाही?"

मी तक्ता बघितला. खेड्यांतल्या बायकांपुढे ओळीने शून्य.

"शहरातल्या बघा. शून्य आहेत, एक आहेत, दोन आहेत, एक तर म्हणाली नवऱ्याची पण घेते. माणसं अशीच असतात. इतकी एकसारखी नसतात." त्या उठून बसल्या. "उत्तरं सगळी एकसारखी यायला लागली की चूक प्रश्नात असते."

मी म्हटलं, परिषद तोंडावर आली आहे, कार्यक्रमपत्रिकेत आपलं नाव छापून आलंय.

"ते बरोबर. पण हे खोटं असेल तर आत्ता कुठल्या तरी घरात एक बाई भिंतीला टेकून बसलीय आणि तिच्या नावापुढे आपण लिहिलंय, त्रास नाही. तिला सवडीने बोलवायचंय आपण."

मी त्या बायकांचे माहेरचे पत्ते उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी खेड्यांतल्या त्या नावांपासून सुरुवात केली होती ज्यांचा रक्तदाब सर्वांत जास्त चढला होता. पहिल्या दोन घरांतल्या बायका ठीक होत्या. एक तर आमच्यासमोर गाढ झोपली होती आणि तिला उठवू नका म्हणून मॅडमनीच खूण केली. तिसरं घर सिन्नरच्या पुढे, मळ्यातल्या वस्तीवर. सारिका तिचं नाव, पहिलंच बाळंतपण, नवरा सिन्नरच्या कारखान्यात कामाला.

सारिकाच्या आईने आम्हाला दारातच पाय धुवायला लावले आणि मग आत नेलं. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास भरलेला. खिडकी बंद, तिच्यावर गोधडी टांगलेली. सुतळीने विणलेल्या जुन्या बाजेवर सारिका टेकून बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं, मांडीवर मुलगी. चेहरा जरा फुगीर. मी ठरलेला प्रश्न पुन्हा विचारला: झोपताना उशी घेता का?

उत्तर तिच्या आईने दिलं. "नाय ओ. आमच्यात बाळंतिणीला उशी देतच नाय. मान धरती. फोनवर सांगितलं व्हतं की तुमाला."

मॅडम बाजेकडे बघत होत्या. मग त्यांनी सारिकाला विचारलं, "जरा उतरतेस का बाळा? मला झोपायचंय."

सारिकाने आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. मी मान हलवली. या बाबतीत माझा उपयोग तेवढाच होता. सारिका हळू उतरली, भिंतीला धरून उभी राहिली. मॅडम बाजेवर उताण्या पडल्या, ऑफिसच्या फरशीवर पडायच्या तशाच, एक हात छातीवर.

"डॉक्टरीणबाई," सारिकाच्या आईने काळजीने विचारलं, "तुमालाच बरं नाय का?"

"मला मस्त आहे. अगदी आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतंय."

आता मलाही दिसलं. बाज जुनी, मधोमध झोळीसारखी खाली गेलेली. आणि डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा. मॅडमचं डोकं आणि छाती इतकी वर आली होती की त्या पडल्या पडल्या समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू शकत होत्या. दवाखान्यात धाप लागलेल्या पेशंटला ज्या उंचीवर ठेवतात, बरोबर तेवढं.

"या विटा कशाला?"

"खाली शेगडी सरकवायला. शेक द्यावा लागतो ना."

"शेगडी कुठंय?"

"शेक तर थांबिवला. हिलाच लय गरम व्हायला लागलं."

"मग विटा काढल्या नाहीत?"

आईने विटांकडे बघितलं. मग म्हणाली, काढल्या होत्या. त्या रात्री सारिका झोपलीच नाही, उठून बसली. म्हणून परत लावल्या, आणि एकेक वाढवलीसुद्धा.

मॅडम बाजेवरून उतरल्या. आवाज अगदी साधा ठेवून म्हणाल्या, "आपण विटा काढून बघू या. थोडाच वेळ. नको वाटलं की लगेच बसायचं." मी आणि सारिकाच्या आईने बाज उचलून विटा काढल्या, आणि मधला झोळ भरून काढायला दोन गोधड्या घडी करून घातल्या. सारिका सपाट आडवी झाली. मॅडम तिच्याजवळ बसल्या, मनगट हातात धरून, जणू गप्पा मारायला आल्या आहेत. मुलीचं नाव काय ठेवणार विचारलं. सारिका सांगायला लागली, नाव अर्धं झालं आणि तिला खोकला आला. मग आणखी. ती कोपरावर उठली, मग बसली, दोन्ही हातांनी बाजेची कड घट्ट धरून. कपाळावर घाम.

"असंच व्हतं," श्वास आल्यावर ती म्हणाली. "छातीवर कुणी बसल्यागत. मला वाटलं, बाळ झालं की सगळ्यांनाच व्हत असेल."

मॅडमनी तिची पाठ चोळली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. शोध लागल्याचा आनंद त्यात होता हे मी नाकारणार नाही, पण तो त्यांना स्वतःलाच नकोसा झाला होता.

नाशिकला न्यायचं म्हटल्यावर सारिकाच्या आईने हात जोडले. सव्वा महिना व्हायचा होता. वारं लागलं, अंगात भरलं, तर जन्माचं दुखणं. मी सांगायला पुढे झाले, तर मॅडमनी मला थांबवलं. त्यांनी विज्ञान सांगितलं नाही, पंगतही सांगितली नाही. "शेगडी तेवढी गाडीत ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "बाकी जे जे लागतं ते सगळं बरोबर घ्या. काचा मी उघडू देणार नाही."

म्हणून त्या उन्हात काचा बंद, एसी बंद, खिडक्यांना लुगडी लावलेली, सारिका कान बांधून मागच्या सीटवर ताठ बसलेली, एका बाजूला आई मुलीला घेऊन, दुसऱ्या बाजूला मॅडम, आणि गाडीभर ओव्याचा वास. घाटात ट्रकांच्या मागे अडकलो तेव्हा ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. घामाने मॅडमचा चष्मा घसरत होता, तो वर सारत त्या सारिकाच्या आईला विचारत होत्या, की यांच्या घराण्यात उशी न देण्याची पद्धत कुणापासून, आणि शेजारच्या वस्तीवर काय करतात. सारिकाची आई आधी तुटक बोलत होती. नाशिकात द्वारका चौकाच्या सिग्नलला येईपर्यंत ती त्यांना आपल्या जावेच्या बाळंतपणाची सगळी हकिकत सांगत होती.

इकोच्या पडद्यावर ते हृदय मीही बघितलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण वर्षानुवर्षं बघून एवढं समजतं की ते मुठीसारखं आवळायला हवं. ते फक्त थरथरत होतं. सारिकाला त्याच संध्याकाळी दवाखान्यात दाखल केलं. साचलेलं पाणी औषधांनी उतरायला लागलं, दम कमी झाला. पण हृदय पुन्हा ताकद धरेल का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. काही बायकांचं धरतं, काहींचं नाही. सारिकाच्या नवऱ्याने मॅडमना तोंडावर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. कळलं की पहिलं तुम्हाला सांगेन."

मुंबईच्या परिषदेला त्या गेल्या. गावाकडच्या बायकांच्या धडधाकट हृदयांचा भाग काढून टाकला आणि तेवढ्या वेळात आपला प्रश्न कसा चुकला ते सांगितलं. ऐकणाऱ्यांत एक ज्येष्ठ डॉक्टर होते. ते म्हणाले, म्हणजे वर्षभरात हाती काहीच लागलं नाही तर. मॅडम म्हणाल्या, "लागलं की. ज्यांना उशीच मिळत नाही त्यांना आम्ही उशा विचारत होतो." परत येताना गाडीत त्या फार खुशीत होत्या. मला मात्र ते वर्षभराचे तक्ते दिसत होते.

तक्ते नव्याने आखले. आता किती उशा असं विचारायचं नाही. व्हिडिओ कॉल करायचा आणि म्हणायचं, रात्री झोपता ती जागा दाखवा, आणि कशा झोपता ते झोपून दाखवा. मी आजवर केलेल्या कामांत इतकं मजेशीर काम दुसरं नाही. कुणाच्या डोक्याखाली धान्याचं पोतं, कुणाच्या पाठीमागे टाकीचं झाकण आणि त्यावर चादर, कुणी पत्र्याच्या ट्रंकेला टेकून, कुणी चुलतबहिणीच्या मांडीवर. एकीचा नवरा ओशाळून म्हणाला, माझ्याच दंडावर असते. मॅडमनी त्याला दंडाची उंची मोजायला लावली. पण या मजेत आणखी काही सारिका सापडल्या, आणि त्यांना आम्ही सवडीने बोलावलं नाही. उंबऱ्याबाहेर काढायचं अवघड व्हायचं तिथे मॅडम स्वतः जायच्या आणि आधी बाजेवर झोपून दाखवायच्या. त्यांची ही ख्याती पुढे पुढे इतकी पसरली, की एका घरी त्यांच्यासाठी स्वच्छ चादर घालून ठेवली होती.

सारिका दर ठरावीक काळाने येत राहिली. गोळ्या चुकवायची नाही. पडद्यावरचं हृदय सुरुवातीचे बरेच महिने तसंच राहिलं, आणि दर वेळी मॅडम तिला खरं तेच सांगायच्या. एकदा ती जिन्यातच बसून रडली होती. मॅडम शेजारच्या पायरीवर बसून राहिल्या.

शेवटी मुलगी धरून उभी राहायला लागली त्या सुमारास ती आली. मॅडमनी तिचा इको केला. मग पडदा तिच्याकडे वळवला. पूर्ण पूर्वीसारखं म्हणता येणार नाही, त्या म्हणाल्या, आणि गोळ्या थांबवायच्या नाहीत, दुसऱ्या मुलाचा विचार मला विचारल्याशिवाय करायचा नाही. पण आवळतंय. बघ. सारिकाने पडद्याकडे बघितलं आणि मग मॅडमकडे.

"आता ती उशी दे," मॅडम म्हणाल्या. "सपाट पड. उताणी. दम लागला की हात वर कर."

त्या तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. मी दारात उभी. सारिकाने एकदा दीर्घ श्वास घेतला, अंग चोरून थोडी वाट बघितली, दुसरा घेतला. खोलीत मशीनच्या पंख्याचाच आवाज होता. तिचा हात वर येईल म्हणून आम्ही दोघी त्या हाताकडे बघत होतो. मग तो हात सैल होऊन कडेला घसरला, आणि तोंड किंचित उघडलं. ती झोपली होती.

बाहेर नात कडेवर घेऊन सारिकाची आई उभी होती. तिने डोकावून बघितलं आणि लेकीला उठवायला पुढे आली. मॅडमनी उठून तिला हाताने अडवलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

बाकावर पुढची बाई ताटकळली होती, तिच्यामागे आणखी दोघी, आणि माझ्या तक्त्यातल्या त्या दुपारच्या सगळ्या वेळा हुकत चालल्या होत्या. त्या बाईने मला विचारलं, मी आत जाऊन मॅडमना विचारलं, की अजून किती वेळ लागेल.

"काय माहीत," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बघू या की किती वेळ झोपते."